इनासभाऊंच्या बियरचा वास

इनासभाऊ मच्याडो यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक थर्मामीटर असे. ताप पाहण्याचा नव्हे, द्रवात बुडवून त्याची उष्णता मोजण्याचा, लांब काडीचा. रविवारी चर्चला निघताना त्यांच्या पत्नी मोनिकाबाई तो त्यांच्या खिशातून अलगद काढून घेत आणि दाराजवळच्या कुंडीत खोचून ठेवीत. परतल्यावर इनासभाऊ तो कुंडीतून उचलीत, आकडा वाचीत आणि मातीचे तापमान मोठ्याने जाहीर करीत. ते ऐकायला बहुधा मी एकटाच असे.

टोरोंटोतील एटोबिकोच्या त्या जोडघरांत माझ्या मुलाचे, समीरचे घर आणि त्यांचे घर यांमध्ये एकच भिंत होती. पत्नीच्या निधनानंतर मी कऱ्हाडहून समीरकडे राहायला गेलो, तो दोन हजार सोळाचा हिवाळा. चाळीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवलेला, संध्या-पूजा न चुकवणारा, मद्याचा थेंबही न चाखलेला मी एक निवृत्त शिक्षक. अशा माणसाने घरी बियर करणाऱ्या गृहस्थाविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. मलाही वाटते. पण त्या अडीच वर्षांत मला जो सत्संग घडला, तो बहुतांशी त्यांच्या बेसमेंटच्या जिन्यावर घडला, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

पहिली भेट ड्राइव्हवेवर, घरापुढच्या मोटारीच्या वाटेवर झाली. ते फावड्याने बर्फ उपसत होते. मला पाहताच थांबले, हातमोजा काढून हात जोडले.

"गुरुजी, तुम्ही साडेपाचला सुरू करता," ते म्हणाले. "आमची रोझरीसुद्धा साडेपाचलाच. मोनिका म्हणते, पलीकडचे देवाजवळून उठल्याशिवाय आपण उठायचं नाही. जरा आवरतं घ्या, माझा चहा रोज लेट होतो."

मी संकोचून क्षमा मागू लागलो, तेव्हा ते हसले. "सॉरी कशाला? तीस वर्षांत एवढी प्रेअर कधी झाली नव्हती."

ते मूळचे वसईचे. तेथील मराठी शाळेत शिकलेले, म्हणून तीस-बत्तीस वर्षांच्या कॅनडातील वास्तव्यानंतरही मराठी त्यांच्या जिभेवरून उतरली नव्हती. बोलताना इंग्रजी शब्दांची सरमिसळ असे. प्रार्थनेत मात्र ती नसे. भिंतीपलीकडून कृपा, पवित्र, स्वर्ग असे शब्द इतके स्वच्छ येत की माझ्या वर्गातील अनेक मुलांना तसे उच्चार साधले नव्हते.

विंडसरच्या मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात ते गुणवत्ता तपासनीस होते. भाग हातात घ्यायचा, मोजायचा, आकडा लिहायचा. निवृत्तीनंतर मोजायला काही उरले नाही, तेव्हा कोणीतरी त्यांना बियरचे किट भेट दिले. किट म्हणजे काकवीसारख्या दाट, काळसर माल्टच्या, म्हणजे मोड आणलेल्या जवाच्या अर्काचा मोठा डबा. झाकणाखाली यीस्टची पुडी चिकटवलेली असते. अर्क गरम पाण्यात विरघळवायचा, साखर घालायची, तेवीस लिटरची बादली भरायची, वर पुडी भुरभुरायची. डब्यावरील सूचना पाळल्या तर बियर होते. इनासभाऊंच्या मते ती "होते, एवढंच". बियर कशी होऊ शकते, हा त्यांचा शोध होता. किट टाकून धान्यापासून करण्याचा मोह त्यांना झाला नाही. "सगळ्यांना मिळतो तोच डबा," ते म्हणत, "त्याच्यातून चांगली काढली तर काढली."

त्यांची रीत एकच होती. एका वेळी एकच बदल. या खेपेस पाणी बदलले तर साखर तीच, यीस्ट तेच, जागा तीच. पुढच्या खेपेस साखर. प्रत्येक बादलीला क्रमांक आणि प्रत्येक क्रमांकाचे वहीत एक पान. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि बियर सुधारली, तर आभार कोणाचे मानायचे, असे ते विचारीत.

ही रीत बियरपुरती मर्यादित नव्हती. "आमच्या हॉलमधला सोफा हलवला त्या वेळी," मोनिकाबाईंनी एकदा मला सांगितले, "दिवा हलवायला यांनी पंधरा दिवस घेतले. मला विचारतात, आता सोफ्याचं कसं वाटतंय? मी म्हटलं, सोफ्याला विचारा."

"आणि दिवा हलवल्यावर काय म्हणालीस?" इनासभाऊंनी विचारले.

"म्हटलं, सोफा परत होता तिथे ठेवा."

त्यांच्या बेसमेंटमध्ये मी प्रथम गेलो तो आमच्या घरी आलेले त्यांचे पत्र द्यायला. खालून मोनिकाबाईंनी हाक मारली, म्हणून उतरू लागलो आणि तळापासून तिसऱ्या पायरीवर थबकलो. घर उबदार ठेवणाऱ्या फर्नेसजवळ पांढरी बादली होती, झाकणावर पाण्याची एक छोटी नळी, आणि नळीतून थांबून थांबून बुडबुडा फुटत होता. इनासभाऊ स्टुलावर बसून त्याकडे पाहत होते. माझी अडचण त्यांना कळली असावी. "तिथेच बसा, गुरुजी," ते म्हणाले. "तिथपर्यंत घर. पुढे फॅक्टरी."

मी बसलो. तो बुडबुडा पाहताना मला माझे वडील आठवले. ते वैद्य होते. आसवे आणि अरिष्टे घरीच सिद्ध करीत. काढा, गूळ आणि धायटीची फुले बरणीत घालून तोंडाला कापड बांधीत, ते मातीने लिंपीत आणि बरणी भाताच्या तुसात पुरून ठेवीत. महिन्याने कापड सोडून आधी कान लावीत, मग पेटती वात बरणीच्या तोंडाशी धरीत. वात विझली की म्हणत, "अजून श्वास घेते आहे, निजू द्या." जळत राहिली तर आसव सिद्ध. हे मी सहज बोलून गेलो.

इनासभाऊ उठले. त्यांनी वेदीसमोर लावायची बारीक मेणबत्ती आणली, झाकण किंचित उचलले, ज्योत आत नेली. ती विझली. त्यांनी काचेच्या नळीत थोडे द्रव घेऊन त्यात उरलेली साखर दाखवणारे आपले तरंगते मोजयंत्र सोडले आणि आकडा वाचला. "अजून चार पॉइंट बाकी," ते म्हणाले. चार दिवसांनी मला मुद्दाम बोलावून त्यांनी पुन्हा मेणबत्ती धरली. ती जळत राहिली. यंत्राचाही आकडा स्थिर होता. त्यांनी वहीच्या त्या पानावर लिहिले, "गुरुजींच्या बाबांची टेस्ट: पास."

तेव्हापासून तिसरी पायरी माझी झाली.

त्या सुमारास त्यांची एकुलती एक मुलगी शेरिल हिचे लग्न ठरले. ती मॉन्ट्रियलच्या विमानांच्या कंपनीत अभियंता होती आणि तिने तिथलाच फ्रेंच बोलणारा मुलगा निवडला होता. मुलाचे वडील रेमों हे घरी बियर करणारे, तेही धान्य दळण्यापासून, पंचवीस वर्षे. नाताळात ते इनासभाऊंकडे आले. इनासभाऊंनी आपली बियर पुढे ठेवली. रेमोंनी घोट घेतला, पेला उजेडाकडे धरला आणि फार सभ्यपणे म्हणाले, "किट, नो?" मग अर्धा पेला ठेवून जेवणाला उठले.

ही हकिकत मला इनासभाऊंनीच सांगितली, दुसऱ्या दिवशी ड्राइव्हवेवर. "काही वाईट बोलला नाही, गुरुजी. पण इन्स्पेक्टर माणसाला रिजेक्टचा शिक्का वाचता येतो."

त्यांनी शेरिलच्या लग्नात स्वतःची बियर द्यायचा शब्द आधीच दिला होता. वसईला त्यांच्या वडिलांनी प्रत्येक बहिणीच्या लग्नात आपल्या हाताने पाहुण्यांचे पेले भरले होते. बापाने करायचे काम त्यांच्या मनात तसे ठरलेले होते. शेरिल वडिलांना दुखवू इच्छीत नव्हती, पण रेमोंच्या कुटुंबासमोर वडिलांचे हसे होईल या भीतीने तिची झोप उडाली होती. शेवटी बापलेकींत करार झाला. लग्न जूनअखेरीस. मेच्या मध्याला शेरिल येऊन चाखेल. तिला आवडली तर पापांची बियर, नाही तर विकतची. "आणि नो इमोशनल ब्लॅकमेल, पापा," असे तिने फोनवर बजावले, ते मी पायरीवरून ऐकले.

फेब्रुवारीत एके दुपारी मी खाली गेलो, तेव्हा ते बाटल्या भरत होते. चाळीसेक भरून झाल्या होत्या. जिन्यावर पाऊल टाकताच एक तीव्र, आंबट वास नाकात शिरला. स्वयंपाकघरात शिर्क्याची बाटली फुटली असावी असे वाटले. इनासभाऊ मात्र शीळ घालत, मन लावून बाटलीवर टोपण दाबत होते.

"इनासभाऊ, हे आंबले आहे," मी म्हणालो.

त्यांची शीळ थांबली. त्यांनी बाटली नाकाशी नेली, मग डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. डोळे उघडले तेव्हा त्यांत जे दिसले ते मी विसरलेलो नाही. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि बाटल्या एकेक करून सिंकमध्ये ओतू लागले. मी उठून जाणार, तोच ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बसा."

मागल्या हिवाळ्यात ते बर्फावरून घसरून पडले होते. डोक्याचा मागचा भाग आपटला. दोन दिवस डोके दुखले, मग बरे वाटले. आठवड्याने त्यांच्या ध्यानात आले की कॉफीला वास नाही. माशाला नाही, साबणाला नाही, मोनिकाबाईंच्या केसांना नाही. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू कळे. त्यापलीकडचे सारे गेले होते. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित परत, कदाचित नाही.

"मोनिकाला सांगितलं नाहीये," ते म्हणाले. "तिला कळलं की मला गॅसजवळ उभं राहू देणार नाही. शेरिलला कळलं तर बियर त्याच दिवशी बंद. एवढंच एक काम आहे माझं."

शेवटची बाटली रिकामी झाली. मग त्यांनी हात पुसले. "गुरुजी, पिऊ नका. हातसुद्धा लावू नका. मी पेला धरतो. तुम्ही फक्त वास घ्या."

वाचकांना ही विनंती लहान वाटेल. आमच्या स्मृतींत मद्याचा वास जाणूनबुजून घेणे हाही दोष सांगितला आहे, आणि तो मी पाठशाळेत पाठ केला होता. मी "पाहू" म्हणून उठलो. दोन दिवस पूजेत चित्त लागले नाही. वडील प्रत्येक आसव हुंगून मगच रुग्णाला देत. परंतु ते औषध होते. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून त्यांची प्रार्थना ऐकू येत असता मनात आले की दोष लागला तर माझ्या नाकाला लागेल आणि त्याला स्नान पुरे. त्यांचे जे अडले आहे ते स्नानाने सुटणारे नाही.

मी गेलो. त्यांनी पेला दोन्ही हातांत धरून माझ्यासमोर आणला, देवळात तीर्थ देतात तसा. मी वास घेतला, काय वाटले ते सांगितले, घरी येऊन डोक्यावरून स्नान केले. पुढच्या वेळीही तेच. एकदा ओल्या केसांनी मी दारात दिसलो आणि मोनिकाबाईंनी सहज विचारले, भर दुपारी आंघोळ कसली? ते त्यांच्याकडून ऐकून इनासभाऊंनी तर्क केला. संध्याकाळी ते आमच्या दारात आले. बाहेर उणे अठरा होते.

"माझ्या बियरमुळे तुम्ही आंघोळ करता?"

मी होकारार्थी मान हलवली.

"न्यूमोनिया झाला म्हणजे? समीरला मी काय तोंड दाखवू?" ते खरोखर रागावले होते. "आजपासून बंद. मी वासाशिवाय करीन."

"इनासभाऊ," मी म्हणालो, "इथे नळाला चोवीस तास कढत पाणी आहे. कऱ्हाडला मी कृष्णेच्या पाण्याने माघात स्नान केलेले आहे."

ते दारातच वाटाघाटीला उभे राहिले. मग तडजोड झाली. मी हातपाय धुऊन आचमन करावे, स्नान नको. ती तडजोड त्यांनी वहीत लिहिली की नाही, ते ठाऊक नाही. लिहिली असेल तर एका वेळी एकच बदल म्हणूनच.

त्यानंतरचे अडीच महिने सुखाचे गेले. एका बादलीला दवाखान्यात येतो तसा उग्र वास आला. त्यांनी नळाच्या पाण्यातील जंतुनाशकावर बोट ठेवले आणि पुढच्या वेळी पाण्यात एक लहान गोळी विरघळवली. वास गेला. मग साध्या साखरेऐवजी माल्टची पूड आली आणि आंबट सफरचंदाची छटा गेली. मग झाकणाखालची जुनी पुडी टाकून ताजे यीस्ट आले. मला या विद्येतले काहीच कळत नव्हते. मी केवळ माझ्या स्मरणातले वास सांगत होतो, आणि ते त्यांचे कारण शोधत होते.

एका दुपारी मी पेल्यावरून मान वर करून म्हणालो, "केळे."

त्यांनी पेला आणखी जवळ आणला. "कुठलं केळं?"

मी पुन्हा नाक नेले. "पिकलेले. फार पिकलेले."

"इथल्या ग्रोसरीतलं, का आपल्याकडचं?"

"आपल्याकडचे. वेलची."

ते स्टुलावर बसले. वसईला त्यांची केळीची वाडी होती, हे मला ठाऊक होते. ते म्हणाले, "म्हणजे नाताळात रेमोंला हेच लागलं. बादली फर्नेसजवळ ठेवतो ना मी, ऊब मिळावी म्हणून. गरम झालं की यीस्ट केळ्याचा वास काढतं. पुस्तकात आहे. मला वाटलं, माझी तशी नसणार." मग हसून म्हणाले, "वर्षभर घरात वाडीचा वास होता, गुरुजी, आणि मला पत्ता नाही."

मी विचारले, असू द्यायचा का. त्यांनी नकारार्थी मान हलवली. लग्नाची बादली त्यांनी पायऱ्यांखालच्या कोल्ड रूममध्ये, थंडीत ठेवली. एकच बदल.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी त्या बादलीतला पेला माझ्यासमोर धरला. ते नीट दाढी करून आले होते. मी वास घेतला, आणि माझे मन प्रसन्न झाले. आंबट नाही, उग्र नाही, केळे नाही. होता तो ताक घुसळल्यावर वर आलेल्या लोण्याचा, अगदी निर्मळ सुगंध. नैवेद्याच्या ताटाजवळ यावा तसा.

"कसा आहे?" त्यांनी विचारले.

"निर्दोष," मी म्हणालो. "याहून चांगला वास मी इथे घेतलेला नाही."

त्यांनी मला वाकून नमस्कार केला. मी संकोचलो. त्याच दिवशी त्यांनी सर्व बाटल्या भरल्या.

शेरिल आली ती रेमोंना घेऊनच. त्यांचे टोरोंटोत काही काम होते. मला वर बोलावले होते. मी हॉलमध्ये, त्या बहुचर्चित सोफ्यावर, पाण्याचा पेला घेऊन बसलो. इनासभाऊंनी स्वतः पेले भरले. रंग सुंदर होता, फेस टिकून होता. रेमोंनी वास घेतला आणि पेला ओठाला न लावता शेरिलकडे पाहिले. शेरिलने वास घेतला.

"पापा," ती म्हणाली. "इट्स बटर. थिएटरमधल्या पॉपकॉर्नसारखा वास येतोय."

मला आनंदच झाला. मी म्हणालो, "होय, लोणी. ताजे."

शेरिलने पेला खाली ठेवला. मग रेमोंनी सौम्यपणे इंग्रजीत समजावले की बियरमध्ये लोण्याचा वास हा मोठा दोष होय. थंडीत मंदावलेले यीस्ट काम पुरे करण्याआधी बाटल्या भरल्या की असे होते. सोपा उपाय होता: शेवटी तीन दिवस बादली उबेत ठेवायची. पण आता बाटल्या भरून झाल्या होत्या.

शेरिल वडिलांकडे वळली. "बट यू ऑल्वेज स्मेल इट, पापा. बॉटल करायच्या आधी तू नेहमी वास घेतोस. हा कसा नाही कळला?"

इनासभाऊ फेसाकडे पाहत होते. मी उठलो. चूक माझी होती. ज्या गंधाला मी जन्मभर मंगल मानले, तो कुठे दोष असू शकतो हे माझ्या मनाला शिवलेही नव्हते. ते सांगायला मी तोंड उघडले. त्यांनी हाताने मला बसवले.

"मला वास येत नाही," ते म्हणाले. "मागच्या विंटरपासून. पडलो तेव्हापासून."

मोनिकाबाईंच्या हातातली बशी खाली टेकली. शेरिल म्हणाली, "एक वर्षाहून जास्त?"  ती त्यांच्याजवळ जाऊन जमिनीवर बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोके ठेवले. रेमोंना शब्द कळले नसावेत, पण काय ते ओळखून ते पेला उचलून खिडकीपाशी गेले आणि बाहेरच्या ड्राइव्हवेकडे पाहू लागले.

लग्नात विकतची बियर होती. इनासभाऊंनी तीच सर्वांना हाताने वाढली, आणि मोनिकाबाईंबरोबर नाचले. मला त्या दिवसांत झोप येत नव्हती. लग्नानंतरच्या सोमवारी मी तिसऱ्या पायरीवर जाऊन बसलो आणि क्षमा मागितली.

"तुमचं माप बरोबर होतं," ते म्हणाले. "लोणी होतं, तुम्हाला लोणी आलं. मी प्रश्न चुकीचा विचारला. 'कसा आहे' विचारलं. 'कशासारखा आहे' विचारायला पाहिजे होतं. पास का फेल, ते मोजणाऱ्यानं सांगायचं नसतं. हे मी पंचवीस वर्षं पोरांना शिकवलं, आणि घरी विसरलो."

मी म्हणालो की शब्द दिला होता, तो माझ्यामुळे गेला.

"शब्द गेला," ते म्हणाले. त्यांनी ते मान्य केले, माझ्या समाधानासाठी नाकारले नाही, आणि म्हणूनच माझ्या मनावरचे ओझे हलके झाले. "पण मोनिका आता दूध उतू गेलं की ओरडून सांगते. फार ओरडते. तुम्हाला भिंतीतून येत असेल."

येत असे.

पुढच्या वर्षी माझी प्रकृती कोरड्या थंडीला कंटाळली आणि मी कऱ्हाडला परतायचे ठरवले. मधल्या काळात मोनिकाबाईंना नाक होते, पण बियरचा वास त्यांना मुळीच सोसत नसे. त्या पेला पाहूनच "घाण" म्हणत, आणि ते माप वहीत लिहिण्यासारखे नव्हते. म्हणून माझे काम चालूच राहिले होते. मी गेल्यावर कोण, हा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही. माझ्या निघण्याच्या आठवड्यात इनासभाऊंनी एक बादली तयार केली होती. कोल्ड रूममधून काढून शेवटचे तीन दिवस त्यांनी ती फर्नेसजवळ उबेत ठेवली होती. तिचा वास मी घ्यायचा होता.

शनिवारी दुपारचे विमान होते. सकाळी शेरिल एकटीच मॉन्ट्रियलहून आली, मला निरोप द्यायला असे ती म्हणाली. तिने मला वाकून नमस्कार केला. तो तिला कोणी शिकवला ते मी विचारले नाही. मग ती खाली गेली. मी निघण्याआधी खाली जाऊन यावे म्हणून शूज घातले, तोच समीरने मोटारीतून हॉर्न वाजवला. बॅगा आत गेल्या होत्या.

ड्राइव्हवेवरून जाताना त्यांच्या बेसमेंटची छोटी खिडकी गुडघ्याच्या उंचीवर लागते. बर्फ वितळून ती मोकळी झाली होती. मी काठीवर भार देऊन वाकलो.

शेरिल बादलीशेजारी उभी होती. हातात पेला. तिने वास घेतला, काही बोलली, डोके हलवले, जणू योग्य शब्द सापडत नव्हता, आणि पुन्हा वास घेतला. इनासभाऊ स्टुलावर, वही मांडीवर. पेन्सिल थांबलेली. ते बियरकडे पाहतच नव्हते. ते मुलीच्या तोंडाकडे पाहत होते, लहान मूल गोष्ट सांगणाऱ्याकडे पाहते तसे. काचेतून मला एकही शब्द ऐकू आला नाही. शेवटी तिला काहीतरी सापडले असावे. तिने मोकळ्या हाताने हवेत एक गोल काढला आणि भराभर बोलू लागली, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

समीरने पुन्हा हॉर्न वाजवला. मी खिडकीवर टकटक केली नाही.